चोरीला गेलेल्या मशीनची पूजा

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. खुनाच्या तपासांनी मला दिला नसेल इतका मनस्ताप बंगळुरातल्या पीण्या भागातल्या एका छोट्या कारखान्यातून नाहीशा झालेल्या मशीनने दिला. खुनात निदान कुणीतरी गुन्हेगार असतो. इथे सगळी सज्जन माणसं होती. सज्जन माणसांनी वेळेवर कागद केले नाहीत की पोलिसांचे काय हाल होतात, ते मी त्या दसऱ्यात भोगलं. नावं कुणाचीच देणार नाही, कारण ती मंडळी अजून धंद्यात आहेत.

आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं. घरात मराठी, ठाण्यात कन्नड आणि वरिष्ठांपुढे इंग्रजी, अशी माझी सगळी नोकरी झाली. शेवटची काही वर्षं मी पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी घ्यायची, गस्तीवरून आलेल्यांचं ऐकायचं, स्टेशन डायरी बघायची आणि मग खुर्चीत बसून अर्जदारांना सामोरं जायचं. त्यातले निम्मे लोक चोरीची तक्रार घेऊन येत आणि थोडं बोलणं झालं की कळे, ही चोरी नाही, भागीदारी आहे. मेहुण्याने गाळा बळकावला, मित्राने गिऱ्हाईक पळवलं, चुलत्याने साचे उचलून नेले. ‘लेखी करार आहे का?’ असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, ‘घरच्या माणसाशी कसला करार, साहेब?’ मग त्याच घरच्या माणसाला लॉकअपमध्ये घालायला तुम्हाला पोलीस कशाला लागतात, असं मी अनेकांना तोंडावर विचारलं आहे.

असल्या प्रकरणांत आम्ही ‘हे दिवाणी स्वरूपाचे आहे, न्यायालयात दाद मागावी’ असं लिहून देतो. त्याला आमच्याकडे एंडोर्समेंट म्हणतात. लोकांना तो कागद म्हणजे अपमान वाटतो. कोर्टात वेळ लागतो, वकील फी घेतो, त्यापेक्षा पोलिसाने एकदा दम दिला की काम झालं, अशी त्यांची समजूत. ही समजूत काही पोलिसांनीच वाढवली आहे, तेही खरं.

खंडेनवमीला बंगळुरात आयुधपूजा म्हणतात आणि पीण्यात तर हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. प्रत्येक मशीन धुऊनपुसून तिला कुंकू फासतात, दाराला केळीचे खांब बांधतात, कुंकू भरलेला कोहळा फोडतात. गाडी पहिल्यांदा हलवायची तर चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायचं. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, त्या दिवशी कुणी मशीनला हात लावत नाही. सगळं पीण्या चिडीचूप असतं.

ती सुट्टी संपून कारखाने उघडले त्याच सकाळी एक तिशीतला तरुण माझ्यासमोर येऊन बसला. इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र.

‘सर, थेफ्ट झालीय. आमचं मेन मशीन गेलं. आणि कोणी नेलंय ते मला माहितीय.’

‘केवढं मशीन?’

‘छोट्या टेम्पोएवढं असेल. काँप्युटरवर चालतं. बाकी सगळे जुने लेथ आहेत, सर. ते मशीन नाही तर कारखानाच नाही.’

त्याचे वडील इंजिनिअर. महाराष्ट्रातून सरकारी कारखान्यात नोकरीला आले, बनशंकरी भागात घर केलं, पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका भागीदाराबरोबर हा कारखाना काढला. बारीक, मापाला अचूक असे सुटे भाग बनवायचे. भागीदार म्हणजे इथल्याच जुन्या मराठी घरातले एक गृहस्थ, ज्यांना सगळं पीण्या ‘अण्णा’ म्हणतं. इंजिनिअर उन्हाळ्यात हृदयविकाराने अचानक गेले. मुलाचं म्हणणं, मशीन अण्णांनी लंपास केलं.

‘बाबांचा नॉमिनी मी आहे, सर. म्हणजे लीगली आता सगळं माझंच.’

‘कशाचे नॉमिनी?’

‘बँकेत. सेव्हिंग्ज, एफडी, सगळीकडे माझंच नाव आहे.’

मी पाणी प्यायलो. मग त्याला समजावलं. तुम्ही घरी नसताना शेजाऱ्याने तुमचं पार्सल घेतलं म्हणून ते पार्सल शेजाऱ्याचं होत नाही. नॉमिनीही तसाच. बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच त्याने ठरतं, ते वारसांचेच असतात. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या आईचा त्यात तुमच्याइतकाच वाटा. आणि वडिलांच्या बचत खात्याच्या नॉमिनीचा कारखान्याशी काडीचाही संबंध नाही.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘ओके सर, पण अरेस्ट कधी करणार?’

दुपारपर्यंत त्याने समाजमाध्यमावर पोलिसांना टॅग करून सगळी कहाणी लिहिली होती आणि मला वरून फोन आला होता. चोरीचा गुन्हा दाखल केला. संशयित म्हणून अण्णांचं नाव.

घटनास्थळाचा पंचनामा, ज्याला आमच्याकडे महजर म्हणतात, तो करायला मी स्वतः गेलो. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. कारखान्याचा कॅमेरा पूजेसाठी मेन स्विच बंद केल्यामुळे बंद. शेजारच्या कारखान्याचा कॅमेरा चालू होता, पण त्याच्यासमोर त्यांनी केळीचा खांब बांधला होता. आमच्या हेड कॉन्स्टेबलने बसून दिवसभराचं चित्रण पाहिलं आणि कपाळाला हात लावून सांगितलं, ‘सर, पान हलतं, पान थांबतं. बाकी काही नाही.’

आत मात्र एक गोष्ट मला खटकली. सगळा कारखाना खंडेनवमीच्या पूजेने लाल झालेला. लेथवर कुंकू, ड्रिलवर कुंकू, उंबऱ्यावर कुंकू, फुटलेल्या कोहळ्याच्या फोडी कुंकवात बरबटलेल्या. फक्त मशीन जिथे उभं होतं तिथे, ओट्यावर ताज्या शेवंतीची फुलं, उदबत्तीची राख आणि फोडलेला नारळ होता. मागच्या दाराबाहेर लॉरीच्या चाकांनी चिरडलेली लिंबं पडली होती. फुलं ताजी, लिंबं ताजी. आणि यातल्या कशालाही कुंकवाचं बोट लागलेलं नव्हतं. चोरी करताना कुणी पूजा करत नाही, म्हणजे नेणाऱ्याला ते मशीन आपलं वाटत होतं. इथवर मी पोचलो. पण बंगळुरात कुंकवाशिवाय आयुधपूजा कोण करतं, हे काही मला सुचेना.

मी अण्णांना ठाण्यात बोलावलं. साठी ओलांडलेले, पांढरा शर्ट, कपाळाला अंगारा. मी मराठी बोललो तसा त्यांना जरा धीर आला; त्यांचं मराठी कन्नड मिसळलेलं.

‘तुम्ही आमचेच की, साहेब. स्वल्प बसू का? गुडघे दुखतात.’

‘बसा. भागीदारीचा करारनामा आणलात?’

आणला होता, पिशवीत घडी घालून. मी वाचायला घेतला आणि पहिल्यांदा मला वाटलं चुकीचा कागद आलाय. बँकेत खातं उघडायला करारनामा लागतो म्हणून दोघे स्टँप पेपरवाल्याकडे गेले होते. टंकलेखकाने त्याच्याकडच्या जुन्या करारावरून नवीन उतरवला. वर नावं बदलली, धंदा बदलला, पण शेवटी एक कलम तसंच राहिलं होतं: भागीदारी संपुष्टात आल्यास शिल्लक अगरबत्तीचा साठा दोघांनी निम्मा निम्मा वाटून घ्यावा. यंत्रांबद्दल एक शब्द नाही. भागीदार वारल्यास काय, त्याबद्दल अवाक्षर नाही. अगरबत्तीची मात्र चोख व्यवस्था.

‘हे वाचलं होतंत का, अण्णा?’

‘बँकेला पायजे होतं म्हणून केलं की. आमचा खरा करार वेगळा आहे.’

‘तो कुठाय?’

‘बनशंकरीअम्मासमोर. लिंबाच्या सालीत दिवा लावला आणि हातात हात दिला. आधी जो जाईल त्याच्या घरचं दुसऱ्याने बघायचं. आपल्या जिवात जीव असेतो.’

‘साक्षीदार कोण?’

‘देवी.’

देवीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तिचा जबाब मी नोंदवायचा कसा? मी त्यांना सांगितलं, अण्णा, भागीदार दोघेच असले आणि त्यातला एक वारला की कायद्याने ती फर्म त्याच दिवशी संपते. उन्हाळ्यापासून तुम्ही जो कारखाना चालवताय तो कागदावर अस्तित्वातच नाही. तुम्ही हिशेब मिटवून इंजिनिअरांच्या वारसांचा वाटा द्यायचा, किंवा त्यांच्यातल्या कुणाबरोबर नवीन करार करायचा. यातलं काय केलंत?

‘दर शुक्रवारी दिवा लावतो की.’

मी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी अचानक मान वर केली. ‘साहेब, कशाला त्रास घेताय? मशीन मी नेलं. लिहून घ्या.’

माझ्या अनुभवात खरा चोर इतक्या लवकर आणि इतक्या प्रेमाने कबूल होत नाही. ‘कसं नेलंत?’

‘क्रेन आणली. उचललं. पुढच्या शटरने बाहेर काढलं.’

पुढच्या शटरमधून ते मशीन निघालंच नसतं, उंची पुरत नाही. लॉरीच्या खुणा आणि लिंबं मागच्या दाराला होती.

‘आता ठेवलंय कुठे?’

‘ते नाही सांगणार.’

त्यांना ते माहीतच नव्हतं. चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. हा माणूस कुणाला तरी वाचवत होता आणि त्यासाठी या वयात चोर म्हणवून घ्यायला तयार होता. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ‘सरी, बरं, मग तुम्हाला काय चालतं ते सांगा, तसं बोलतो,’ ते म्हणाले. मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडलो.

तिकडे मुलाला कुठून तरी कळलं की अण्णा कबूल झाले. तो पुन्हा हजर. ‘सर, कन्फेशन आहे, मग थांबलाय कशाला?’ कारखान्याच्या कामगारांनी फाटकाबाहेर घोळका केला. वरून निरोप आला, उद्यापर्यंत मशीन मिळालं नाही तर संशयिताला अटक दाखवा. मी अण्णांना नोटीस देऊन त्या दिवसापुरतं घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना आत टाकावं लागणार होतं, आणि त्यांनी काहीही केलेलं नाही याची मला खात्री होती.

टीप आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. चहाची गाडी चालवणारा माझा एक जुना खबऱ्या होता. तो फोनवर म्हणाला, ‘साहेब, आमच्या गल्लीत प्लायवुडची रिकामी शेड आहे. तिथे ताडपत्रीखाली मोठं मशीन आलंय. चोरीचं असेल तर चोर फार भाविक आहे. फटीतून बघितलं, ताजं फूल वाहिलेलं आहे.’

दोन पंच घेऊन गेलो. शेडच्या मालकाने निमूट कुलूप काढून दिलं. ताडपत्रीच्या कडेला उदबत्ती विझलेली, एका वाटीत साखर, ताजी शेवंती. आणि इथेही हळद नाही, कुंकू नाही. मी तिथेच थांबलो. माझी थोरली वहिनी भाऊ गेल्यापासून अशीच पूजा करते. फुलं वाहते, उदबत्ती लावते, पण कुंकवाच्या करंड्याला हात लावत नाही. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, तिचा हात उचलत नाही. ताडपत्री पूर्ण ओढायला सांगितली. मशीनच्या बाजूवर पांढऱ्या रंगाने, वर कन्नडात आणि खाली मराठीत, एका बाईचं नाव रंगवलेलं होतं. एफआयआर काढून पाहिला. तक्रारदाराच्या आईचं नाव तेच.

बनशंकरीतलं घर नीटनेटकं होतं. सोबत आमची महिला कॉन्स्टेबल होती. बाईंनी आम्हाला बसवलं, न विचारता फिल्टर कॉफी आणली आणि समोर बसल्या.

‘ताई, मशीन सापडलं,’ मी म्हणालो.

‘हरवलं कुठे होतं?’

‘चोरीचा गुन्हा दाखल आहे.’

‘माझं मशीन मी नेलं. त्यात चोरी कसली?’

‘तुमचं कसं?’

‘माझ्या पाटल्या, गोठ, माहेरचा हार, सगळं विकून ते आलं. आलं त्या दिवशी ह्यांनी माझं नाव रंगवून घेतलं. दर आयुधपूजेला पहिलं कुंकू माझ्या हातचं. सगळ्या कामगारांसमोर म्हणायचे, हे मशीन हिचं, आम्ही फक्त चालवतो.’

‘बिल कुणाच्या नावावर आहे?’

‘फर्मच्या. टॅक्सचं काहीतरी असतं म्हणाले.’

‘दागिन्यांचं काही लिहून घेतलंत? कर्ज म्हणून, भांडवल म्हणून?’

‘नवऱ्याकडून पावती घ्यायची?’

‘मृत्युपत्र?’

‘विषय काढला की उठून जायचे.’

केसाहून बारीक फरकही चालत नाही म्हणून तयार माल बाद करणारा तो माणूस. स्वतःच्या बायकोसाठी त्याने कागदाऐवजी रंगाचा डबा आणि ब्रश वापरला होता. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलो होतो.

मग त्यांनी सांगितलं. मुलाने कारखान्यात जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याला आणलं होतं. आईला विचारलं नाही. ‘म्हणाला, आई, तू आता इलेक्ट्रॉनिक सिटीला ये, आराम कर. मी काय आजारी आहे? कच्चा माल मागवायचं, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं, कामगारांचं हवंनको बघायचं, इतकी वर्षं कोण करत होतं? आणि यंदा पूजेला...’ त्यांनी कपबशी बाजूला सारली. ‘कुणी वाईट बोललं नाही हो. ऑफिसात खुर्ची दिली, प्रसाद आणून दिला. पण कुंकवाचं ताट माझ्यापर्यंत आलंच नाही. पूजा अण्णांनी केली. मी काचेतून बघत होते. तेव्हाच ठरवलं, दुसरा कुणी न्यायच्या आत मी नेणार.’

अण्णांकडून किल्ली मागून घेतली, नवऱ्याच्या फोनमधून क्रेनवाल्याचा नंबर काढला, भजनी मंडळातल्या मैत्रिणीच्या नवऱ्याची शेड मागितली आणि विजयादशमीच्या भर दुपारी, रस्त्यावर माणूस नसताना, सरळ मशीन उचलून नेलं. माझ्या हाताखालच्या निम्म्या लोकांना इतकी नीट आखणी जमली नसती.

‘ताई, अण्णांनी चोरी आपण केली असं सांगितलंय. आज त्यांना अटक करायचा हुकूम आहे.’

त्या ताडकन उठल्या. ‘अण्णांनी? ते कशाला? ते तर विजयादशमीला घरीच होते!’ चपला घालायला लागल्या. मग दारात थांबून मला विचारलं, ‘साहेब, एवढंच खरं खरं सांगा. ह्यांनी ते मशीन मला दिलं होतं की नाही?’

खोटं बोलणं सोपं होतं. पण या घरात सगळ्यांनी एकमेकांना बरं वाटेल असंच बोलून ठेवलं होतं आणि त्यातूनच हे झालं होतं.

‘द्यायचं मनात होतं, ताई. दिलं नाही. कायद्याने ते फर्मचं. अर्धं अण्णांचं, उरलेल्या अर्ध्यात तुम्ही आणि मुलगा.’

त्या खाली उंबऱ्यावर बसल्या. नवरा गेल्यापासून रडल्या असतीलच, पण हे रडणं रागाचं होतं. ‘एवढं सगळं केलं माझ्यासाठी. मशीनसाठी परदेशी कंपनीशी पत्रव्यवहार केला, बँकेत खेटे घातले. एक सही करायला काय झालं होतं ह्यांना?’

महिला कॉन्स्टेबलने त्यांना पाणी आणून दिलं.

ठाण्यात तिघांना एका टेबलाभोवती बसवलं तेव्हा काही मिनिटं कुणी कुणाचं ऐकेना. बाई अण्णांवर कडाडल्या, ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं चोर व्हायला?’ अण्णा म्हणाले, ‘शब्द दिलाय की, अक्का. तुमच्या घरचं बघायचं म्हणून.’ मुलगा पांढराफटक. ‘आई, तू नेलंस? मला सांगायचं ना!’

‘तू विकताना मला सांगितलंस?’

‘मी तुझ्यासाठीच करत होतो. तुला त्रास नको म्हणून.’

‘त्रास म्हणजे काय ते मला विचारून ठरव.’

मी टेबलावर हात आपटला. सगळे गप्प झाल्यावर सांगितलं की आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. तुम्ही तिघेही स्वतःला बरोबर समजता. एकाकडे बँकेचा नॉमिनी फॉर्म, एकाकडे देवीचा दिवा, एकीकडे रंगवलेलं नाव. तिघांच्याही हातात कोर्टात टिकेल असं काही नाही. आपला हक्क आहे असं प्रामाणिकपणे समजून आपल्याच मालातलं कुणी काही नेलं तर ती चोरी होत नाही, म्हणून मी न्यायालयात ‘बी’ रिपोर्ट पाठवून हा गुन्हा बंद करायला सांगणार. पुढचं वाटप करणं माझं काम नाही. ते मी करणार नाही, कितीही फोन आले तरी. चांगल्या दिवाणी वकिलाकडे जा. आणि अण्णा, यावेळी वाचून सही करा.

मुलाने आधी फोन काढला आणि समाजमाध्यमावर लिहिलेलं पुसलं. मग अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, ‘स्वल्प आधी विचारायचं होतं, बाळा.’ मशीन त्याच आठवड्यात परत जागेवर गेलं. वकिलांकडे नवीन करार झाला तो अण्णा आणि बाईंमध्ये. मुलाने आपला हिस्सा आईच्या नावे सोडून दिला. रीतसर, नोंदणी करून, तोंडी नाही. कोण काय काम बघणार, नफा कसा वाटायचा, एकजण गेला किंवा आजारी पडला तर त्याच्या वाट्याची किंमत कशी ठरवायची, मशीन विकायला कुणाची संमती लागेल, सगळं लिहिलं. मी ऐकलं की बाईंनी प्रत्येक कलम मोठ्याने वाचून घेतलं आणि वकील वैतागला. मला फार बरं वाटलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? माणसं वाईट असतात म्हणून करार करायचा नसतो, हे शिकवलं. पोलिसात राहून मी उलटंच समजत होतो. वाईट माणूस करार असला तरी बुडवतो. चांगल्या माणसांना मात्र कागदाची गरज जास्त, कारण त्यातला प्रत्येकजण दुसऱ्याच्या भल्यासाठी मनाने काहीतरी ठरवतो आणि ते दुसऱ्याला सांगत नाही. छोट्या धंदेवाल्यांना मी आता भेटेन तिथे पकडतो. दिवा लावा, नाव रंगवा, पूजा करा, मला काही म्हणायचं नाही. पण भागीदारीचा करार स्वतः वाचा. घरच्या बाईचं सोनं धंद्यात घातलं तर ते कशापोटी ते लिहा. मृत्युपत्राला साधा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही. स्वतःची सही आणि ती समोर बघून सही करणारे दोन साक्षीदार, इतकंच. नोंदणी केली तर उत्तम. लोक मान डोलावतात, ‘खरं आहे साहेब’ म्हणतात आणि चहा पिऊन जातात. शंभरदा सांगून मी थकलो आहे.

एकीने मात्र ऐकलं. मी निवृत्त झाल्यावर एका सकाळी बाईंचा फोन आला. साक्षीदार हवा होता. बनशंकरीला गेलो तर त्यांचे डॉक्टर दुसरे साक्षीदार म्हणून आले होते आणि टेबलावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद होता. त्यात काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, सही आपल्यासमोर झाली एवढंच बघावं लागतं. मुलगा दारात अस्वस्थ उभा होता.

‘आई, तू चांगली ठणठणीत आहेस. आत्ताच कशाला हे?’

‘ठणठणीत आहे म्हणूनच,’ त्या म्हणाल्या. ‘तुझे बाबाही ठणठणीतच होते.’

त्यांनी सही केली. डॉक्टरांनी केली. मग पेन माझ्याकडे आलं. नोकरीभर मी पंचनाम्यांवर, जबाबांवर, अहवालांवर सह्या करत आलो आणि त्यातली प्रत्येक सही काहीतरी बिघडून गेल्यानंतरची होती. ही पहिलीच सही मी आधी केली.